भ्यायचे कोणत्या किरणांना?

गावाजवळ मोबाइलचा टॉवर उभा राहणार अशी नुसती कुणकुण लागली, की अर्ज लिहिले जातात, सह्या गोळा होतात. 'किरणे अंगात शिरतात' असे म्हणणारी हीच मंडळी वैशाखात भर दुपारी उघड्या डोक्याने शेतात राबतात. आणि महिनाभर खोकला असला तरी छातीचा फोटो काढायला तयार होत नाहीत. भीती जरूर असावी, पण ती योग्य जागी असावी, असे माझे म्हणणे आहे.

सूर्यप्रकाश, चुलीची धग, रेडिओच्या लहरी आणि क्ष-किरण ही एकाच घराण्यातली भावंडे. यांना विद्युतचुंबकीय लहरी म्हणतात. पोकळीत सर्वांचा वेग सारखाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. फरक आहे तो लांबीत. सर्वांत लांब रेडिओच्या लहरी. मग सूक्ष्मलहरी, उष्णतेचे अवरक्त किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण आणि सर्वांत आखूड गॅमा किरण. लहर जितकी आखूड, तितका तिचा एकेक तडाखा जोरकस, हे सूत्र लक्षात ठेवावे.

मोबाइलच्या लहरी लांब गटातल्या. त्या पेशींची मोडतोड करू शकत नाहीत. फार तीव्र असल्या तर ऊब आणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली त्यांना 'धोका असू शकेल, पुरावा अपुरा' अशा वर्गात ठेवले. आपल्या सरकारने २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. टॉवरच्या जागेबद्दल किंवा भाड्याबद्दल भांडायचे तर खुशाल भांडा; पण खोट्या भीतीपोटी नको.

आता ऊन पाहा. त्याच संस्थेने उन्हाला १९९२ सालीच कर्करोगाच्या सिद्ध कारणांत बसवले आहे. आपली सावळी कातडी पुष्कळ रक्षण करते, पण डोळ्यांना ते कवच नाही. वर्षानुवर्षे अतिनील किरण लागले, की मोतीबिंदूला आणि बुबुळावर मास चढायला मदत होते. म्हणून रुंद काठाची टोपी किंवा पटका वापरावा आणि दुपारची कामे शक्य तितकी सकाळ-संध्याकाळवर न्यावीत. वेल्डिंगच्या ठिणगीकडे पोरांना पाहू देऊ नये. त्यातही हेच किरण असतात.

क्ष-किरण निरुपद्रवी आहेत असे नाही. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली ते शोधले, त्यानंतर अनेक डॉक्टरांचे हात त्यांनी भाजले. पण प्रश्न मात्रेचा आहे. माती, दगड आणि आकाश यांतून आपल्या अंगावर रोज थोडे किरण येतच असतात. छातीच्या एका फोटोत त्यांची सुमारे दहा दिवसांची भर पडते. उलट न ओळखलेला क्षय माणसाला खातो आणि घरातल्या लेकरांनाही लागतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी आणि डॉक्टर म्हणतील तर फोटो काढावा. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत. गरोदर बाईने मात्र तसे आधी सांगावे.

शेतकऱ्याने तर या किरणांचे उपकारच मानावेत. टीएजी-२४ हा भुईमुगाचा वाण भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्या साहाय्याने घडवलेल्या जातींतून आला. लासलगावला गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब थांबवतात, आणि तो कांदा खाण्यास निर्धोक असतो. पणजीचे हवामान रडार सूक्ष्मलहरींनीच पावसाचे ढग हेरते.

डोळ्यांना दिसत नाही ते सारे घातक, असा समज सोडावा. किरण कोणता आणि किती, एवढे दोन प्रश्न विचारावेत. मग टॉवरखालून निर्धास्त जावे, उन्हात टोपी घालून जावे, आणि खोकणाऱ्या माणसाला हाताला धरून दवाखान्यात न्यावे.