धूर मोजला, वाफेचे काय?

कल्याण सोडले की कर्जतच्या दिशेने पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. सकाळी घाईघाईने दुचाकी उभी करून लोकल गाठणारा चाकरमानी रात्री परततो, तोवर ती दुचाकी उन्हात तापत असते. इंजिन बंद, म्हणजे प्रदूषण बंद, असा सर्वसामान्य समज आहे. तो खरा नाही. टाकी तापली की पेट्रोलची वाफ होते आणि ती बाहेर पडण्यास वाट शोधू लागते.

ही वाफ अडविण्याची योजना गाडीतच केलेली असते. टाकीपासून निघालेली नळी सक्रिय कोळशाने भरलेल्या एका डब्यात जाते. कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन चालू झाल्यावर एक झडप उघडून ती वाफ इंजिनात ओढली जाते, तेथे जळते. प्रदूषण टळते, इंधनही वाचते. मोटारींपाठोपाठ दुचाकींच्या बाष्पावरही भारत स्टेज ४ नियमांनी मर्यादा घातली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती सर्व नव्या दुचाकींना लागू झाली. २०२० च्या भारत स्टेज ६ ने ती आणखी कडक केली.

परंतु ही परीक्षा असते कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीची, बंदिस्त कक्षात घेतलेली. चार पावसाळे उलटल्यावर रबरी नळीला चिरा पडतात, टाकीच्या टोपणाचे वायसर कडक होते आणि एखादा मेकॅनिक ‘याची काही गरज नाही’ म्हणून डबाच काढून टाकतो. त्यानंतर त्या गाडीची वाफ कोण तपासतो? कोणीही नाही. पीयूसी केंद्रावर पेट्रोल गाडीच्या धुराड्यात नळी घालून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात, प्रमाणपत्र हाती पडते आणि प्रकरण मिटते. टोपण धड न बसणारी गाडीही या परीक्षेत निर्वेध उत्तीर्ण होते. शेजारी उभ्या असलेल्याच्या नाकाला जे कळते, ते यंत्राला विचारलेच जात नाही!

अमेरिकेत १९९६ पासून गाडीतील संगणकालाच ही गळती शोधावयास लावले आहे. झडपा बंद करून टाकीत किंचित निर्वात निर्माण केला जातो. तो अपेक्षेपेक्षा लवकर ओसरला तर कोठेतरी छिद्र आहे असे समजून चालकासमोर दिवा लागतो. प्रारंभी एक मिलिमीटर आणि २००० नंतरच्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरचे छिद्रही पकडण्याची अट आहे. नेमकी जागा गॅरेजमध्ये नळ्यांत धूर सोडून सापडते, आणि पुष्कळदा दोष सैल टोपणाचाच निघतो. भारताने मात्र युरोपीय धाटणीचे नियम स्वीकारले. त्यांत झडपेची विद्युतजोडणी शाबूत असली म्हणजे पुरे.

हा प्रश्न केवळ वासाचा नाही. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेन्झिन असू शकते आणि बेन्झिन कर्करोगकारक आहे, याविषयी आता वाद नाही. वाफेतील इतर घटक उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. विषारी वायू म्हणजे काय, हे या परिसराला सांगावयास नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत सोडलेल्या रासायनिक कचऱ्यातून वायू पसरला आणि शेकडो नागरिकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या रात्रीची वृत्तपत्रांनी दखल घेतली. हजारो टाक्यांतून रोज थोडीथोडी निसटणारी वाफ बातमी होत नाही, इतकेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये शहरांतील मोठ्या नव्या पेट्रोल पंपांना वाफ परत खेचणारी यंत्रणा आवश्यक केली, हे योग्यच झाले. मात्र पंपावर अडविलेली वाफ स्थानकाबाहेर उभ्या गाडीतून निघून जात असेल, तर त्या खर्चाचे चीज कसे व्हावे? शिवाय ‘राउंड’ रक्कम व्हावी म्हणून नोझल आपोआप बंद झाल्यावरही भर घालण्याची सवय आपल्याकडे आहेच; त्यामुळे द्रव पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरते आणि कोळसा निकामी होतो.

पीयूसीच्या वेळी टोपण व नळ्यांची दाबचाचणी घेण्यास लहानसा पंप आणि दाबमापक पुरतो. रांग लांबेल, शुल्क वाढेल, हा आक्षेप येईल व तो अगदीच निराधार नाही. म्हणून आरंभी ती चार वर्षांवरील गाड्यांपुरती ठेवावी आणि दोष आढळल्यास दंड न करता दुरुस्तीस मुदत द्यावी. पीयूसीची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमात आहे. त्यात ही चाचणी जोडणे केंद्र सरकारच्या हाती आहे.