‘तो पार्ट सेपरेट मिळत नाही’

गेल्या दिवाळीच्या आधी बाबांची गाडी मिसिंग मारायला लागली. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, पिवळ्या पाटीची. सांगली-पुणे, सांगली-कोल्हापूर, लग्नसराईत जिथे बोलावतील तिथे. घरचा किराणा, आजीची औषधं आणि माझ्या इंजिनिअरिंगची चार वर्षं अशाच गाड्यांवर निघाली आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. पी०३०१ असा कोड आला, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्यांनी प्लग बदलला, कॉइल बदलली, दोन्हींचे पैसे घेतले. मग वरचं कव्हर उघडलं, तर एक व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटलेली. एस्टिमेट आलं : सिलिंडर हेड असेंब्ली ८४ हजार रुपये, लेबर वेगळं, पार्ट यायला तीन आठवडे.

मी पुण्याहून फोन केला. ‘नुसती स्प्रिंग नाही का मिळत?’

सर्व्हिस ॲडव्हायझर नम्रपणे म्हणाला, ‘सर, सिस्टिममध्ये तो पार्ट सेपरेट दाखवत नाहीये.’

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्या मुलाशी नाही. तो माझ्याच वयाचा होता आणि स्क्रीनवर जे दिसत होतं ते वाचून सांगत होता. मीही ऑफिसात दिवसभर तेच करतो.

आधी स्प्रिंग काय करते ते सांगतो. इंजिनमधला व्हॉल्व्ह कॅम दाबून उघडतो, बंद मात्र स्प्रिंग करते. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. सरासरी ताशी ४० किलोमीटर आणि २००० आरपीएम धरून हिशेब करा. गाडी एक लाख किलोमीटर चालते तोवर प्रत्येक स्प्रिंग साधारण १५ कोटी वेळा दबलेली असते. पोलादाला थकवा येतो. तारेवर बारीक ओरखडा असेल किंवा धातूत कचरा राहिला असेल तर तिथून तडा सुरू होतो. स्प्रिंग मोडणं हा अपघात आहे, पण अनाकलनीय नाही. आणि मोडलेली स्प्रिंग म्हणजे मोडलेलं हेड नव्हे. दाराची बिजागरी तुटली म्हणून कोणी भिंत पाडत नाही.

बाबांनी गाडी टो करून मिरजेच्या ओळखीच्या गॅरेजला नेली. मी शनिवारी तिथे पोचलो. चाचांचं वय साठीच्या पुढे, शाळा सातवीपर्यंत. मला बघून म्हणाले, ‘आलासा का इंजिनेर? धरा की जरा बॅटरी, दिसंना मला.’

पुढचे दोन दिवस मी बॅटरी धरली.

व्हॉल्व्हची स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडू शकतो, आणि तो पडला की हेड उतरवावंच लागतं. म्हणून काही ठिकाणी प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर दाबून धरतात. चाचांनी नायलॉनची दोरी घेतली. आधी चेन आणि स्प्रॉकेटवर रंगाने खुणा केल्या, कॅमशाफ्ट उतरवले. मग पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून दोरी आत सरकवली, टोक बाहेर ठेवलं आणि पान्याने क्रँक हळूहळू फिरवून पिस्टन वर आणला. दोरीचा गोळा व्हॉल्व्हखाली घट्ट बसला. आता व्हॉल्व्ह पडूच शकत नाही. तेल खाली जायची भोकं फडक्यांनी बुजवली, कारण व्हॉल्व्हचे लॉक नखाएवढे असतात आणि त्यातला एक जरी आत गेला तर सगळं काम वाढतं. कंप्रेसर लावून स्प्रिंग दाबली, लोहचुंबकाने दोन्ही लॉक उचलले, वरची टोपी काढली, मोडलेली स्प्रिंग दोन तुकड्यांत बाहेर आली. दोरी जरा सैल करून त्यांनी व्हॉल्व्हचा दांडा दोन बोटांत फिरवून बघितला. वाकलेला नव्हता. नवा सील, नवी स्प्रिंग, परत लॉक.

मी म्हटलं, ‘चाचा, मोडलेली एकच होती ना?’

‘बाकीच्या काय तरण्याताठ्या हाईत व्हय? समद्या एकाच वयाच्या.’

सोळाच्या सोळा बदलल्या. क्रँक फिरवताना चेन सुटू नये म्हणून मी ती वर ओढून धरत होतो. माझं योगदान तेवढंच. शेवटी सगळं खुणांवर आणून कॅम बसवले, टॉर्क पाना लावून बोल्ट क्रमाने आवळले, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही आकडे जवळजवळ सारखे. सगळे मिळून साडेअकरा हजार रुपये. सोमवारी सकाळी बाबा भाडं घेऊन पुण्याला निघाले.

आता या स्प्रिंगा आल्या कुठून? त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये हेच इंजिन आहे आणि त्या मॉडेलच्या यादीत स्प्रिंग सुटी मिळते. कोल्हापूरच्या स्पेअर पार्टवाल्याला हे तोंडपाठ होतं. म्हणजे स्प्रिंग बनत होती, गोदामात होती, तिला नंबरही होता. आमच्या गाडीच्या यादीत ती नाही, हा कोणीतरी घेतलेला निर्णय होता. ‘मिळत नाही’ आणि ‘देत नाही’ यांतला फरक सिस्टिम पुसून टाकते. समोरच्या माणसाला वाटतं की निसर्गनियमच आहे.

हे नवीन नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं अधिकृत जाळ्याबाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. ती द्या, असा आदेशही झाला. पुढे अपिलं झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे चार विभाग आहेत. पोर्टल चांगलंच आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणं हे कंपनीच्या मर्जीवर राहिलं, तर तो हक्क नसून सौजन्य झालं. हक्क कायद्यात लागतो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं : ‘सुरक्षेचं काय? रस्त्यावरचा मिस्त्री डुप्लिकेट पार्ट घालेल, अंदाजाने बोल्ट आवळेल.’ यात तथ्य आहे. असे मिस्त्री मी पाहिलेत. पण अधिकृत पाटीने हात आपोआप चांगले होत नाहीत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुबारूने जगभरातल्या सुमारे चार लाख गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंगांसाठीच परत बोलावल्या. टोयोटा ८६ ही त्यांच्याकडेच बनणारी गाडीही त्यात होती. त्यांचं इंजिन आडवं, बॉक्सर पद्धतीचं. स्प्रिंग बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागत होतं. काम अधिकृत वर्कशॉपांत झालं, आणि तरी अमेरिकेत काही मालकांनी तक्रार केली की दुरुस्तीत जास्त लावलेलं सीलंट सुटून तेलाच्या वाटेत अडकलं आणि इंजिनच गेलं. कामाचा दर्जा येतो तो सवयीतून, साधनांतून आणि खऱ्या मॅन्युअलमधून. म्हणून तर मॅन्युअल, टॉर्कचे आकडे आणि अस्सल पार्ट चाचांपर्यंत पोचले पाहिजेत. ते अडवायचे आणि मग त्यांच्या कामाला असुरक्षित म्हणायचं, ही लबाडी आहे.

आता आपल्याकडे वळतो. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे, नोकरी सॉफ्टवेअरची. महाराष्ट्रात अशी पोरं ढिगाने सापडतील. मला स्प्रिंगच्या ताठपणाचं सूत्र येतं, वाह्ल फॅक्टर लावून ताण काढता येतो, कॅम-फॉलोअरच्या आकृत्या मी रात्री जागून शीटवर काढल्या आहेत. चार वर्षांत व्हॉल्व्ह स्प्रिंग एकदाही हातात घेतली नाही. वर्कशॉपच्या तासाला जॉब बाहेरून विकत आणून जमा करणाऱ्यांत मीही होतो. आयटीआयच्या मुलांना आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही.

हे अज्ञान नुसतं सिलॅबसचं नाही. हाताला काळं लागणारं काम खालचं आणि वहीतलं काम वरचं, ही आपली जुनी जातीची उतरंड आहे. तिला आपण पदवीची झूल घातली. जो इंजिन उघडतो त्याला ‘अडाणी मिस्त्री’ म्हणायचं आणि ज्याला ते उघडता येत नाही त्याला इंजिनिअर म्हणायचं, यात विनोद आहे आणि तो आपल्यावर आहे. असेंब्ली विकणाऱ्या कंपनीला आपला हा तोरा फार सोयीचा पडतो. दुरुस्ती करणाऱ्याला आपणच कमी लेखतो, मग त्याच्या हातातून काम काढून घेतल्याचं आपल्याला काही वाटत नाही.

माझ्या कामात तर हीच सवय पगार मिळवून देते. सर्व्हर अडला की मारायचा आणि नवा उभा करायचा. तिथे ते ठीक आहे, कारण नवा उभा करायला काही सेकंद लागतात. बाबांच्या गाडीला ८४ हजार आणि तीन आठवडे लागत होते. तीन आठवडे गाडी उभी म्हणजे दिवाळीचा सीझन गेला आणि हप्ता थकला. ‘बदलून टाका’ हे बोलणं ज्याला परवडतं त्याचं आहे.

आता कोणी तुम्हाला ‘सेपरेट मिळत नाही’ म्हणालं, मग ती कारची स्प्रिंग असो की फोनची बॅटरी, तर तिथेच थांबू नका. पार्ट नंबर विचारा. तोच भाग दुसऱ्या मॉडेलला लागतो का ते शोधा. नकार लेखी मागा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा. आणि जवळ एखादं चांगलं गॅरेज असेल तर एक शनिवार तिथे काढा. सुरुवातीला नुसती बॅटरी धरायला मिळेल, पण तिथूनच सुरुवात होते.