पेटीआधी फवारणीचे बोला

गावात मधमाशीपालनाचा विषय निघाला की तीन प्रश्न ठरलेले असतात. पेटी कितीला पडते, अनुदान किती मिळते आणि मध किती निघतो? मेहकर तालुक्यातल्या डोणगावात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात मधमाशीपालनाचा गट उभा करायचा असेल, तर हे तिन्ही प्रश्न दुसऱ्या बैठकीला ठेवावेत, असे माझे मत आहे. पहिल्या बैठकीचा विषय एकच असावा, तो म्हणजे फवारणी. कामकरी माशी चाऱ्यासाठी पेटीपासून दोन किलोमीटरपर्यंत सहज जाते, गरज पडली तर त्याहून लांबही जाते. दोन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेबाराशे हेक्टर, म्हणजे तीन हजार एकरांहून अधिक भरते. एवढी जमीन पंचक्रोशीतल्या कुणा एकाची नाही. पेटी एकाच्या बांधावर असली तरी तिचा चारा शेकडो शेतकऱ्यांच्या वावरात असतो आणि त्यातल्या कुणाच्याही पंपातून तिचा मृत्यू येऊ शकतो. म्हणून एकट्याने मधमाशी पाळणे हा या भागात फार धोक्याचा व्यवहार ठरतो, आणि गटाची गरजही इथेच सुरू होते.

हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरच्या पट्ट्यात अधिक तातडीचा आहे, कारण मेहकर, चिखली, लोणार या तालुक्यांत कांद्याचे बीजोत्पादन घेतले जाते. कांद्याचा गोंडा जवळून पाहिला की मधमाशीचे काम नेमके किती नाजूक आहे ते कळते. एका गोंड्यात शेकडो बारीक पांढरी फुले असतात आणि ती दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलातले पुंकेसर आधी पिकतात, पराग झडून जातो आणि मगच त्या फुलाची कुक्षी पराग घेण्याजोगी होते. त्यामुळे एकाच फुलात आपोआप फलधारणा जवळजवळ होतच नाही. पराग चिकट असल्याने वाऱ्याचाही फारसा उपयोग नाही. दुसऱ्या फुलावरचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. त्यात भर अशी की कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते, म्हणून मधमाशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी मोहरी किंवा धने फुलावर असतील तर ती तिकडे वळते. माशा कमी आल्या की गोंडा बाहेरून भरलेला दिसतो, पण मळणीनंतर बी कमी आणि पोचट निघते. मग काही शेतकरी गुळाच्या पाण्याची फवारणी करून माशा बोलावतात, तर काही सकाळी गोंड्यांवरून हात किंवा मऊ कापड फिरवतात. जे काम एक निरोगी वसाहत फुकट करते, त्यासाठी आज मजुरी मोजावी लागते आहे.

आणि ही टंचाई बव्हंशी आपणच ओढवून घेतलेली आहे. कांद्यावर फुलकिडे येतात. बियाण्याचे पीक महागामोलाचे असल्याने शेतकरी धास्तावतो आणि गोंडे उमललेले असतानाच पंप पाठीवर घेतो. ज्या पंधरा-वीस दिवसांत त्याला माशी सर्वाधिक हवी असते, नेमक्या त्याच दिवसांत तो तिला मारतो. संध्याकाळी फवारले की भागते, असे सर्रास सांगितले जाते. स्पर्शाने मारणाऱ्या औषधांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात भिनतात, पराग आणि मकरंदात उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्या माशीलाही सोडत नाहीत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाशांसाठीच. आपल्याकडे तसा कायदा नाही. त्यामुळे गावाने स्वतः नियम केला तरच तो लागू होईल. कांद्याचा पहिला गोंडा उमलण्याआधी फुलकिड्यांचा बंदोबस्त पुरा करायचा आणि फुलोऱ्यात आंतरप्रवाही औषध हातात घ्यायचेच नाही, एवढे दोन नियम पाळले गेले तरी निम्मी लढाई जिंकली.

इथे रास्त आक्षेप येतो. या भागाचे मुख्य पीक सोयाबीन आहे, त्यात स्वपरागीभवन होते, हरभऱ्यातही तेच. मग मूठभर कांदा बियाणेवाल्यांसाठी सगळ्या गावाने फवारणीला लगाम का घालावा? सोयाबीन आणि हरभऱ्याला मधमाशीवाचून अडत नाही, हे मान्यच करायला हवे. मधमाशी आली की सगळ्याच पिकांचे उत्पादन दुप्पट होते, असे सांगणाऱ्यांनी या विषयाचे नुकसानच केले आहे. पण याच वावरांत तूर आहे, तिच्या फुलांवर माशा येतात आणि तिच्यात परपरागीभवन लक्षणीय प्रमाणात होते. बांधावर शेवगा आहे, परसात दोडका, कारले आणि भोपळा आहे, कुठे तीळ आहे, कुठे लिंबू आहे. तुरीवरच्या घाटेअळीसाठी फुलोऱ्यातच फवारावे लागते ही अडचण खरी आहे. तरीही कामगंध सापळे, पक्षीथांबे, पहिली फवारणी निंबोळी अर्काची, गरज पडली तर अळीवरच चालणारा विषाणू, ही वाट कृषी विद्यापीठे कित्येक वर्षे सांगत आली आहेत. आणि फवारणीला लगाम हा काही फक्त माशीवरचा उपकार नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. कोणते औषध, किती, कधी आणि कशासाठी, हे गावाने एकत्र बसून ठरवण्याची गरज त्या मृत्यूंनीच दाखवून दिली होती.

सरकारकडून मदत मिळते, ती घ्यावीच. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळते, साहित्यावर निम्मे अनुदान मिळते आणि मधाच्या खरेदीची हमीही आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळच्या मांघरला मधाचे गाव म्हणून घोषित करण्यात आले, पुढे कोल्हापूर जिल्ह्यातले पाटगावही त्या वाटेने गेले. मात्र मांघरचा कित्ता डोणगावात जसाच्या तसा गिरवता येणार नाही. तिथे सह्याद्रीचे जंगल आहे, पिढ्यानपिढ्यांची सातेरी माशीची ओळख आहे आणि शेतीतली फवारणी कमी आहे. तिथला गट मधावर उभा आहे. घाटावरच्या सोयाबीन पट्ट्यात सातेरीच्या पेटीतून वर्षाला काही किलो मध निघाला तरी बरे म्हणायचे. इथल्या गटाचा पाया परागीभवन हाच असला पाहिजे आणि मध ही वरकड कमाई समजली पाहिजे. हिशेब या क्रमाने मांडला तर पहिल्या वर्षीच्या थोड्या मधाने कुणाचा हिरमोड होणार नाही.

गटाचा सगळ्यात मोठा फायदा कदाचित अशा माशांकडून होईल, ज्या त्याच्या पेटीत कधी येणारच नाहीत. कांद्याच्या गोंड्यावर दिसणाऱ्या माशांत आग्या आणि फुलोरी यांचा वाटा मोठा असतो. आग्या माशी उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली, जुन्या इमारतीच्या सज्ज्याला उघड्यावर पोळे बांधते, तिला पेटीत कोंडता येत नाही. आज असे पोळे दिसले की रात्री टेंभा लावून ते जाळतात, मध पिळून घेतात, आणि अंड्या-पिल्लांसकट पुढच्या हंगामाचे परागीभवनही जळून जाते. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने विदर्भातल्या मध काढणाऱ्यांना याहून वेगळी पद्धत शिकवली. अंगावर संरक्षक पोशाख घालायचा, माशा धुराने बाजूला सारायच्या आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा, पिल्लांच्या भागाला हात लावायचा नाही. माशा जगतात, पोळे पुन्हा भरते, मधही स्वच्छ मिळतो. पंचक्रोशीत मध काढण्याचे काम परंपरेने करणारी माणसे असतील, तर त्यांना गटाबाहेर ठेवून हे शक्य नाही. त्यांना गटात सन्मानाने जागा द्यावी लागेल.

गट मोडतात, हिशेबावरून भांडणे होतात, हा दुसरा आक्षेप. तो अनुभवाचाच आहे, म्हणून रचना आधीच नीट करावी. मधमाशीपालनाला स्वतःची जमीन लागत नाही, त्यामुळे भूमिहीन तरुण किंवा महिला बचत गट ते करू शकतात, असे योजनांच्या पत्रकांत लिहिलेले असते. ते खरे आहे, पण अर्धे. भूमिहीन माणसाच्या पेट्या दुसऱ्याच्या फुलांवर जगतात आणि दुसऱ्याच्या औषधाने मरतात. तेव्हा पेट्या सांभाळणारे आणि बियाणे पिकवणारे एकाच गटाचे सभासद हवेत. बियाणेवाल्याने पेटीमागे ठरलेले भाडे द्यावे आणि फवारणीआधी किमान दोन दिवस कळवावे. सांभाळणाऱ्याने पेट्या वेळेवर शेतात लावाव्यात आणि प्रत्येक पेटीच्या क्रमांकापुढे नोंद ठेवावी. राणी आहे का, पिल्ले किती चौकटींवर, मेणकिडा लागला का, शेवटची पाहणी केव्हा झाली, हे त्या वहीत असावे. फवारणीने पेटी मेली तर भरपाई कोण देणार, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून सह्या घ्याव्यात. तालुक्यातच हिवरा आश्रमला कृषी महाविद्यालय आहे. माशांसह आणि माशांविना वाढलेल्या गोंड्यांचे बी मोजण्याचा साधा प्रयोग तिथल्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. स्वतःच्या शिवारातला आकडा हाती असला की भाड्यावरून वाद घालणारेही ऐकतात.

उन्हाळ्याचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. कांदा निघाला की एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत या भागात फुलांचा दुष्काळ असतो. सातेरीला चारा मिळाला नाही तर ती पेटी सोडून निघून जाते. युरोपियन मेलिफेरा मध जास्त देते, पण तिच्या पेट्या गाडीत घालून फुलांमागे फिरावे लागते, तिचे रोग सांभाळावे लागतात, आणि नवख्या गटाने पहिल्याच वर्षी त्यात पडू नये असे वाटते. पहिले एक-दोन हंगाम थोड्याच पेट्या ठेवाव्यात, सावली आणि पाण्याची सोय करावी, चारा तुटला की साखरेचा पाक द्यावा. सोबत बांधांवरचा तणनाशकाचा मारा थांबवावा, कारण ज्याला आपण गवत म्हणून जाळतो त्याच्या बारीक फुलांवर माशा पावसाळ्यात तगतात. ग्रामपंचायतीच्या वृक्षलागवडीत शोभेच्या झाडांऐवजी कडुनिंब, करंज, बोर, जांभूळ, शेवगा घ्यावेत. करंज ऐन उन्हात फुलतो, नेमका तेव्हा जेव्हा बाकी काही नसते.

माशा चावतील ही भीती खोटी नाही, म्हणून पेट्या शाळा, रस्ता आणि गोठ्यापासून दूर ठेवाव्यात. मध विकायचा कुठे, हे तुलनेने सोपे आहे. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या १३ नाममुद्रांचा मध तपासला, तेव्हा फक्त तीनच सगळ्या चाचण्यांत टिकल्या. ज्या मधाची पेटी कुठल्या शेतात होती हे सांगता येते, त्याला मेहकर-चिखलीतच गिऱ्हाईक मिळेल.

फवारणीच्या ठरावासाठी वेगळी सभा बोलावण्याचीही गरज नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या वेळी तूर फुलोऱ्याच्या तोंडावर असते आणि २६ जानेवारीला कांद्याचे दांडे वर आलेले असतात. या दोन्ही सभांच्या विषयपत्रिकेत त्या त्या पिकाची फवारणी हा विषय घालून घ्यावा. त्यासाठी नोटीस निघण्याआधीच ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा आणि कृषी सहायकाला त्या दिवशी हजर राहायला सांगावे. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनाही बोलवावे, कारण कोणती बाटली घ्यायची हे बहुतेक वेळा त्यांच्याच काउंटरवर ठरते.