धनुष्य कशाला म्हणावे?

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'एकलव्याचा पराभव' या शीर्षकाचा लेख दिला आहे. लेख सुबक आहे, सरांची शैली नेहमीप्रमाणे ओघवती आहे, आणि संपादक मंडळावरच्या आम्हा तिघांच्या मते तो मुळापासून चुकीचा आहे. तो छापला जाईल. सरांचा लेख नाकारण्याची आमची प्राज्ञा नाही आणि इच्छाही नाही. परंतु वार्षिकात लेखाला उत्तर देण्याची प्रथा नसल्याने ते येथे देत आहोत.

सरांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्याला आज कंपाउंड धनुष्य म्हणतात ते धनुष्य नव्हेच. त्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात, दोरीत डोळा लावून पाहण्याचे छिद्र असते, पुढे भिंग असते, आणि बाण बोटांनी सुटत नाही, हातात धरलेल्या खटक्याने सुटतो. असे 'यंत्र' चालवून पदके आणणाऱ्या मुलांचा सत्कार म्हणजे कारखान्याचा सत्कार. पुढे ते अमेरिकेचा दाखला देतात: तिथे धनुर्धारी शिकाऱ्यांसाठी राखलेल्या हंगामात आधी कंपाउंडला जागा दिली आणि त्याच दारातून मग क्रॉसबो आत आला. एकदा चाक स्वीकारले की बंदुकीपर्यंत कुठेच थांबता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हा लेख दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात लिहिला गेला असता तर आम्ही कदाचित हसून सोडून दिला असता. पण बुलढाण्यात बसून तो लिहिला जावा, याचे वाईट वाटते. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत याच गावच्या प्रथमेश जवकारने कंपाउंड प्रकारात नेदरलँड्सच्या माइक श्लोएसरला अंतिम फेरीत १४९-१४८ असे हरवले. श्लोएसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले, १५०-१४९ असा सामना जिंकला आणि तोही जगज्जेता झाला. पुढे हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस आणि प्रथमेश यांच्या संघाने कोरियाला हरवून सुवर्ण घेतले. म्हणजे सरांच्या व्याख्येने ज्यांना धनुर्विद्येतून बाहेर काढायचे आहे ती मुले परकी नाहीत. ती आपल्या बाकांवरून उठून गेलेली आहेत.

आता व्याख्येकडे वळू. सरांना अभिप्रेत असलेले 'शुद्ध' धनुष्य नेमके कोणते? ऑलिम्पिकमध्ये आजवर दिसलेले रिकर्व्ह धनुष्य म्हणावे, तर त्याचा मधला भाग धातूचा असतो, भुजा कार्बनच्या असतात, नेम धरायला साइट असते, तोल सांभाळायला पुढे लांब दांडे असतात. आणि क्लिकर नावाची एक बारीक पट्टी असते. बाण ठरल्या मापापर्यंत मागे आला की ती 'टक्' करते आणि तो आवाज ऐकून धनुर्धर दोरी सोडतो. याला यंत्र म्हणायचे की नाही? चाक नाही म्हणून ते पवित्र आणि कंपाउंडला चाक आहे म्हणून ते बाटलेले, ही सोवळ्याची रीत झाली, विचाराची नव्हे.

मग सर मागे सरकतात आणि थेट महाभारतात जातात. तिथे तर आम्ही आनंदाने जाऊ, कारण तो पेपर आम्हीही शिकवतो. द्रौपदीच्या स्वयंवरात द्रुपदाने काय केले होते? कोणाला सहजी वाकवता येणार नाही असे धनुष्य करवले आणि आकाशात एक यंत्र उभारून त्यावर लक्ष्य ठेवले. 'यंत्र' हा शब्द मुळातला आहे. पाण्यातल्या प्रतिबिंबात पाहून फोडलेला माशाचा डोळा ही मागाहून रुजलेली कथा. द्रोणांच्या परीक्षेतही अर्जुनाला दिसते ते पक्ष्याचे मस्तक. डोळा आपण घातला. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान मूळ संहिता तरी शुद्ध ठेवावी. (हे वाक्य सरांना बोचेल याची कल्पना आहे. त्यांनीच आम्हाला संहितेकडे जायला शिकवले.)

आणि एकलव्य. अंगठा दिल्यावर एकलव्य थांबला नाही, बोटांनी बाण सोडू लागला, मात्र पूर्वीची चपळाई उरली नाही, असे आदिपर्व सांगते. आजचा रिकर्व्हवाला दोरी ओढतो ती तीन बोटांनी. दोरीवर अंगठ्याचे काम नसते. उलट कंपाउंडच्या खटक्यांपैकी बरेचसे अंगठ्याने चालतात. म्हणजे प्रतीकांचाच खेळ खेळायचा असेल, तर एकलव्याचा कापून घेतलेला अंगठा परत आला आहे तो सरांनी बहिष्कृत केलेल्या धनुष्यात. आम्ही हा खेळ फार लांबवणार नाही. प्रतीकाने वस्तूची व्याख्या ठरत नाही एवढेच दाखवायचे होते.

तरीही सरांच्या लेखातला एक प्रश्न खरा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रेषा कुठे ओढायची? काहीही चालते असे आमचे म्हणणे नाही. क्रॉसबोला आम्हीही धनुर्विद्येच्या ओळीत बसवणार नाही. पण त्याचे कारण चाक नव्हे.

कंपाउंडची युक्ती अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांची. १९६९ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. दोरी ओढताना आधी सगळा जोर लागतो, आणि चाके फिरून विशिष्ट जागी आली की ओझे एकदम उतरते. साठ पौंडांचे धनुष्य ओढणाऱ्याच्या हातात शेवटी पंधरा-वीस पौंडच उरतात. शुद्धतावाद्यांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे आणि तो खोटा नाही. पण ओझे उतरले तरी संपत नाही. उरलेला ताण पाठीने आणि खांद्यानेच पेलायचा असतो, श्वास धरायचा असतो, आणि हात किंचित थरथरला तर भिंगातून तो थरकाप मोठा होऊन दिसतो. सोय वाढली तशी परीक्षाही कडक केली आहे. रिकर्व्हला सत्तर मीटरवरचे दहाचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे, कंपाउंडला पन्नास मीटरवरचे केवळ ८ सेंटिमीटरचे. रिकर्व्हमध्ये एक डाव गेला तर पुढच्या डावात पाटी कोरी होते. कंपाउंडमध्ये पंधराही बाणांची बेरीज होते आणि एक नऊ शेवटपर्यंत मानगुटीवर बसतो. जवकार आणि श्लोएसर यांच्यातले अंतर एका गुणाचे होते ते यामुळेच.

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. त्याची दोरी एकदा ओढून खाचेत अडकवली की माणूस मोकळा. ताण लोखंडाने धरलेला असतो. तुम्ही चहा प्या, तासभर बसा, दस्ता गुडघ्यावर टेका. बाण वाट पाहत राहतो. आमच्या मते सीमारेषा नेमकी इथे आहे. बाण सुटेपर्यंत दोरीचा ताण ज्याचे शरीर धरून ठेवते तो धनुर्धर. चाके असोत की नसोत, खटका असो की बोटे.

अमेरिकेतला शिकारीचा वादही या कसोटीवर लावून पाहावा. तिथल्या अनेक राज्यांत धनुर्धाऱ्यांना बंदूकवाल्यांपेक्षा वेगळा आणि लांब हंगाम मिळतो, कारण त्यांचा पल्ला तोकडा असतो आणि बहुतेकदा ते रिकाम्या हाताने परततात. हरिण समोर आल्यावर, त्याच्या नजरेच्या टप्प्यात, हात हलवून दोरी ओढावी लागते. शिकार फसते ती याच क्षणी. कंपाउंडवाल्याला हा क्षण चुकत नाही, क्रॉसबोवाल्याला तो येतच नाही. विस्कॉन्सिनने २०१४ पासून क्रॉसबोला स्वतंत्र हंगाम दिला, ओरेगॉनने शिकारीसाठी त्याला दारातच अडवले. दोन्ही ठिकाणी रेषा ओढता आली. म्हणजे घसरगुंडी अटळ आहे हे सरांचे भाकीत खुद्द अमेरिकेतच टिकत नाही.

तिथे एक प्रतिवाद होतो तो मात्र ऐकण्याजोगा आहे: म्हाताऱ्या, जायबंदी माणसांनी काय करायचे? त्यांना क्रॉसबोची सवलत द्यावी, आमची हरकत नाही. सवलत आणि व्याख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण या प्रश्नाचे आणखी मोठे उत्तर आपल्याकडे आहे. जम्मूच्या किश्तवाड भागातली शीतल देवी जन्मतः हातांशिवाय आहे. पायाने धनुष्य पुढे रेटते, दोरी खांद्याला बांधलेल्या खटक्याने मागे धरते, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत मिश्र सांघिक कांस्य घेऊन येते. तिचे धनुष्य कंपाउंड आहे. ताण ती स्वतःच्या अंगावर धरते. आमच्या व्याख्येत ती आत आहे, सरांच्या व्याख्येत बाहेर. आम्हाला वाटते, एवढ्यावरून सरांनी आपली व्याख्या एकदा तपासून पाहायला हरकत नव्हती.

वाचकांपैकी बहुतेक साहित्याचे आहेत म्हणून घरचे उदाहरण देतो. मुक्तछंद आला तेव्हाही वृत्त गेले म्हणजे कविता गेली असा आक्रोश झाला होता. आज तो आक्रोश आपण एम.ए.च्या वर्गात गमतीने शिकवतो. लय कवीला अजूनही स्वतःच धरावी लागते हे लक्षात यायला वेळ लागला. पण म्हणून ओळी तोडून लिहिलेला प्रत्येक परिच्छेद कविता झाला का? तो क्रॉसबो. त्यालाही स्वतःचे घर आहे, १९५६ पासून त्याची वेगळी आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिथे त्याने सुखाने नांदावे.

शुद्धतेचा इतिहासही सरांना वाटतो तितका सोयीचा नाही. ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध क्रॉसबो वापरायला बंदी घातली, हे सरांनी ठळक अक्षरांत दिले आहे. त्याच कलमात साध्या धनुर्धाऱ्यांच्या विद्येवरही बंदी होती, हे दिलेले नाही.

लेखाच्या शेवटी सर सातपुड्यात जातात आणि आदिवासीच्या हातातल्या बांबूच्या कमठ्याला 'अखेरचे अस्सल धनुष्य' म्हणून वंदन करतात. आमचा खरा राग या वंदनावर आहे. आपल्याच जिल्ह्यात ज्ञानगंगा आहे, अंबाबरवा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्र या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण स्पष्टपणे नमूद आहे, सुरी, जाळे, विष आणि बंदुकीच्या रांगेत. अभयारण्यालगतच्या कोरकू घरातला कमठा सरांसाठी संस्कृती असेल, पण वनरक्षकाला तो प्रथम पुरावा दिसतो. या कायद्याने शिकारीचा पारंपरिक हक्क शाबूत ठेवला तो निकोबारच्या जमातींचा, आणि गंमत अशी की निकोबारी माणूस पक्षी टिपायला पिढ्यान्‌पिढ्या वापरत आला तो क्रॉसबो. अस्सलपणाची ही उतरंड कोणत्या जंगलात लागू होते ते सरांनी सांगावे. शिकारबंदी उठवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्याचे धनुष्य हातात धरणेच संशयास्पद ठरले त्याला लेखात पूजायचे, आणि ज्याने मैदानावर धनुष्य धरून नाव मिळवले त्याला यंत्रचालक म्हणायचे, यात दोघांपैकी कोणाच्याही वाट्याला काही येत नाही.

सरांना लिहायचेच होते तर किमतीवर लिहायचे होते. बांबूचे धनुष्य काही हजारांत येते. बाणांसह कंपाउंडचा चांगला संच दोन-अडीच लाखांच्या घरात जातो. एप्रिल २०२५ मध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचे दार उघडले, त्यामुळे ओढा वाढणार आणि शर्यत आणखी महाग होणार. खेड्यातली किती मुले इंडियन राउंडच्या बांबूवरच थांबतात आणि का थांबतात, हा पराभव लिहिण्याजोगा होता. त्यात एकलव्यही शोभला असता.

आमच्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अशी एक मुलगी आहे. बांबूवर ती जिल्ह्यातून दोनदा निवडली गेली. कंपाउंडसाठी वडील जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत आणि ती नको म्हणते आहे. वार्षिकाच्या विद्यार्थी संपादकांत तिचे नाव असल्याने सरांच्या लेखाचे मुद्रितशोधन तिच्याकडेच गेले. तिने ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका काढून प्रत परत आणून दिली. मजकुराविषयी आम्ही विचारले, तेव्हा म्हणाली, "सर छानच लिहितात," आणि सरावाला उशीर होतो म्हणून गेली.