गेंदा फूल नक्की कोणाचं?

सध्या मुक्काम भनपुरी. रायपूरच्या बिलासपूर रोडवरचा हा कारखान्यांचा भाग. पोस्टिंग बदललं तरी बॅरेकमधल्या गप्पा बदलत नाहीत: कोणाचा पिक्चर भारी, कोणाचं गाणं. परवा वाद पेटला 'गेंदा फूल'वर. एक पार्टी रेहमानची, म्हणजे 'दिल्ली-६'वाली, दुसरी बादशाहची.

माझं मत ऐका. दोन्ही पार्ट्या चूक!

'दिल्ली-६'मधलं (२००९) ते गाणं मुळात छत्तीसगढी लोकगीत आहे, आपण बसलोय त्याच मुलखातलं. रेखा भारद्वाज यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं, छानच झालं. पण गाणं 'रेहमानचं' म्हणून मोकळं व्हायचं? बादशाहच्या २०२० च्या गाण्यातल्या बंगाली ओळी तर बीरभूमच्या रतन कहार या लोककलावंताच्या. सुरुवातीला त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

लगेच कोणीतरी म्हणतं, "काय राव, गाणं ऐकायचं की त्याचा सातबारा काढायचा? टाइमपास आहे हा."

मग मंडळी, 'बॉर्डर'चं काय? लोंगेवाला म्हटलं की लोक सनी देओलचं नाव घेतात. १९७१ मध्ये तिथे २३ पंजाबची कंपनी घेऊन रात्रभर उभे राहिले ते मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, महावीर चक्र. ते नाव कोणी घेतलं नाही की आपला, खास करून आपल्या माजी सैनिकांचा, संताप होतो. तेव्हा आपण टाइमपास म्हणत नाही. लढणाऱ्याचं नाव पुसलं तर अपमान, आणि गाणाऱ्याचं पुसलं तर करमणूक? हा कुठला न्याय?

शिवाय गप्पांनी काही होत नाही, हेही खोटं. कहारांच्या नावासाठी आधी बोंब मारली ती साध्या श्रोत्यांनीच. त्यानंतर बादशाहने त्यांना पाच लाख रुपये दिले. आणि मुळापाशी जाऊन काम करताही येतं. 'पीपली लाइव्ह'मध्ये (२०१०) 'चोला माटी के राम' गायला नगीन तन्वीर होत्या, रायपूरमध्ये जन्मलेल्या हबीब तन्वीर यांची कन्या.

तेव्हा भांडा, खुशाल भांडा. फॅन आहात, भांडलंच पाहिजे. फक्त गाणं कुठल्या मातीतलं, हे आधी विचारा. भनपुरीत असाल तर फार लांब जावं लागणार नाही. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारा.

जय हिंद!