लसणाचं आइस्क्रीम आणि सांगलीची हळद

लसणाचं आइस्क्रीम चांगलं लागतं, असं मी म्हणणार नाही. आधी व्हॅनिला, मग मागून हळूच फोडणीचा वास! पण कॅलिफोर्नियातल्या गिलरॉयच्या लसूण महोत्सवात त्यासाठी लोक उन्हात रांग लावायचे, आणि मी सांगलीकर त्याच रांगेत. १९७९ पासूनची ही जत्रा. भल्यामोठ्या कढयांत कोळंबी परतताना आचारी मुद्दाम जाळ उडवतात, गर्दी ओरडते. राबणारे बहुतेक गावातलेच स्वयंसेवक. नफा गावच्याच संस्थांना. २०१९ मध्ये तिथे गोळीबार झाला, जत्रा पुढे काही वर्षं बंद पडली. २०२५ मध्ये छोटेखानी का होईना, पुन्हा भरली.

आता आमची सांगली. हळदीची एवढी मोठी पेठ, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत वर्षानुवर्षं हळद ठेवायचे. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. हे बघायला कुणी गाडीभाडं खर्चून येईल, असं आपल्याला वाटतच नाही. शेजारी साताऱ्यात, महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीचा उत्सव होतो. पण स्ट्रॉबेरीचं कौतुक करायला धाडस कुठे लागतं?

सांगलीने हळदीची जत्रा भरवावीच. काहिलीत हळद शिजताना दाखवा, ओल्या हळदीचं लोणचं वाढा, हळदीची कुल्फीसुद्धा होऊ द्या. तोंडी लावायला भडंग आहेच. फक्त व्यासपीठ, हारतुरे आणि दोन तासांची भाषणं नकोत. मंत्री आलेच, तर त्यांनाही कुल्फीच्या रांगेत उभं करा.