गाडीने किल्ली धरून ठेवली तर

जांभूळ येथील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पावसाळी संध्याकाळी त्यांच्या यजमानांनी गाडी दारासमोरच्या उतारावर उभी केली, इंजिन बंद केले. परंतु किल्ली काही केल्या बाहेर येईना. कोणी पक्कड आणली, कोणी खोबरेल तेलाची बाटली. अखेरीस किल्ली तशीच ठेवून गाडी रात्रभर उघड्यावर राहिली आणि घरात कोणाचा डोळा लागला नाही. अशा वेळी नेमके काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम पक्कड दूर ठेवावी. किल्ली अडणे हा पुष्कळदा बिघाड नसतोच. किल्ली काढली की स्टिअरिंगच्या दांड्यातील खाचेत एक पोलादी खिट्टी शिरते आणि चाके वळवता येईनाशी होतात. चालत्या गाडीत असे घडले तर अनर्थ ओढवेल. म्हणून किल्ली सहजासहजी सुटू नये, अशीच त्या कुलपाची रचना केलेली असते. आपण जिला हट्टी म्हणतो, ती किल्ली बहुधा ‘अजून एक गोष्ट राहिली आहे’ एवढेच सांगत असते.

ती गोष्ट कोणती, हे गाडीच्या प्रकारावर ठरते. हाताने गिअर बदलण्याच्या अनेक गाड्यांत किल्ली ‘ऑन’वरून ‘एसीसी’पर्यंत सहज येते, तेथून ‘लॉक’वर न्यायची तर ती आत दाबून फिरवावी लागते. काही गाड्यांत किल्लीशेजारी त्यासाठी लहानसे बटण असते. नवी गाडी घेतलेल्या किंवा दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्या मंडळींची फजिती बहुतेक वेळा येथेच होते. पुढचे चाक दगडाला किंवा गटाराच्या काठाला टेकलेले असेल तर स्टिअरिंगवर ताण येतो आणि त्या ताणाने खिट्टी व कुलूप दोन्ही अडकू शकतात. अशा वेळी डाव्या हाताने स्टिअरिंग किंचित इकडेतिकडे हलवत उजव्या हाताने किल्ली हलकेच फिरवावी. दोन्ही हातांची गाठ जुळली की कुलूप निमूटपणे सुटते.

ऑटोमॅटिक गाडीची गोष्ट निराळी. तेथे गिअरचा दांडा ‘पी’वर पूर्ण बसल्याखेरीज किल्ली सुटत नाही. दांडा ‘पी’वर दिसतो, परंतु केसभर अलीकडे राहिलेला असतो. ब्रेक दाबून धरावा, दांडा ‘एन’पर्यंत आणावा आणि पुन्हा ठामपणे ‘पी’वर न्यावा. त्या दांड्याच्या बुडाशी असलेला लहान स्विच धुळीने वा कधीतरी सांडलेल्या गोड चहाने चिकटला असेल, तरीही हाच अनुभव येतो. मात्र एएमटी प्रकारच्या अनेक गाड्यांत ‘पी’ नसतोच; तेथे गाडीसोबतची पुस्तिका पाहावी. ती पुस्तिका आपल्याकडे बहुधा वेष्टनातच राहते, हे दुर्दैव.

आणखी एक कारण चटकन ध्यानात येत नाही, ते म्हणजे बॅटरी. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत किल्ली सोडणारी कळ विजेवर चालते. किल्ली फिरवूनही समोरचे दिवे लागत नसतील, तर दोष कुलपात शोधू नये. दुसऱ्या गाडीवरून केबल जोडून वीज द्यावी. काही गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ हाताने सोडवण्याची खाच असते. तिला हात लावण्यापूर्वी हँडब्रेक ओढावा आणि चाकाखाली दगड ठेवावा. उतारावर तर याविना काही करूच नये. गाडी घरंगळण्यास क्षण पुरतो आणि पावसाळ्यातही मुले अंगणातच असतात.

एवढे करूनही किल्ली हलेना, तर मग मात्र झीज समजावी. कुलपात पातळ पत्र्या व स्प्रिंगा असतात. किल्लीच्या दातांशी त्या बरोबर जुळल्या तरच किल्ली नीट फिरते आणि बाहेर येते. झिजलेल्या किल्लीवरून बनवलेली दुसरी किल्ली ती झीजही सोबत आणते. म्हणून नवी किल्ली घरात जपून ठेवलेल्या, न वापरलेल्या जोड किल्लीवरूनच करवावी. खोबरेल तेलाने धूळ चिकटून कुलूप अधिकच जड होते. ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. जोराने ओढून किल्ली आत तुटली आणि तिच्यात इमोबिलायझरची चिप असेल, तर रस्त्यावरचा किल्लीवाला पुरत नाही, खर्चही मोठा येतो.

किल्लीच्या कडीला घराच्या, दुकानाच्या, तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा लोंबकळवण्याची आपली सवयही सोडावी. 2014 साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने सदोष स्विचमुळे सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. जुडग्याच्या भाराने किंवा धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत ‘एसीसी’वर सरके, इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. 124 मृत्यूंची भरपाई कंपनीच्या निधीतून मान्य झाली. दुरुस्ती होईपर्यंत कडीला गाडीच्या किल्लीखेरीज काहीही ठेवू नका, अशी सूचना मालकांना दिलेली होती.

रात्री मेकॅनिक मिळाला नाही, तर हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडावी, म्हणजे ‘एसीसी’वर अडकलेल्या किल्लीमुळे बॅटरी उतरणार नाही. दारे जोड किल्लीने लावावीत आणि गाडी नजरेच्या टप्प्यात राहील असे पाहावे.

उल्हास नदीकाठच्या वाचकांसाठी एक सूचना. 26 जुलै 2005 चा पूर आणि 27 जुलै 2019 रोजी बदलापूर–वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस येथे कोणी विसरलेले नाही. पुराचे पाणी गाडीत शिरले असेल तर गाळ कुलपातही जातो, आणि अडलेल्या किल्लीशी झटताना ती नकळत ‘स्टार्ट’कडे फिरू शकते. इंजिनात पाणी असताना ते फिरवले गेले तर आतील दांडे वाकतात. किल्ली जशी आहे तशी राहू द्यावी, बॅटरीची तार सोडावी आणि गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.